फरशी कुणाची, गुडघे कुणाचे?

दुसऱ्याच्या घरातल्या अन्यायाबद्दल लिहिणं सोपं असतं. आज माझ्याच घरात घडलेलं सांगायचं आहे.

गेल्या दिवाळीच्या आधीची साफसफाई चालू होती. आमच्याकडे कामाला येणारी बाई बाथरूम धूत होती. तिचं नाव इथं देत नाही, कारण तिनंच नको म्हटलं. बाथरूमला पांढऱ्या टाइल्स आहेत. खालच्या सांध्यांत पिवळट-काळं साचलेलं होतं आणि पाहुणे यायचे होते. संडास धुवायच्या औषधाची बाटली मीच तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "खालच्या कडा जरा निघतात का बघ. नाही निघाल्या तर ब्लीचिंग पावडर टाक." एवढं बोलून मी बाहेरच्या खोलीत आपल्या मासिकाच्या वर्गणीच्या पावत्या लिहायला बसले.

पाच-सात मिनिटांनी तिच्या खोकण्याचा आवाज आला. मला वाटलं, धूळ गेली असेल. मग तो खोकला थांबेना. जाऊन पाहिलं तर दाराच्या चौकटीला धरून ती खाली बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, श्वास आत घेता येत नव्हता आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. वास माझ्याही नाकाला झोंबला. रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, वाफ दिली, इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय एकत्र केलं होतं?" आणि मी सांगितल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "शिकलेल्या आहात ना तुम्ही?"

हो, शिकलेली आहे. संडासाच्या बऱ्याचशा औषधांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचिंग पावडरवर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा धडा शाळेत कधीतरी वाचला होता. बाटलीवर बारीक इंग्रजीत तशी सूचनाही होती. मी ती वाचली नव्हती आणि माझ्या घरात काम करणाऱ्या बाईला ती वाचताच येत नव्हती. बाथरूमची खिडकी वीतभर, आणि तीही बंद.

ती चार दिवस कामाला जाऊ शकली नाही. आमच्याखेरीज ती आणखी तीन घरी काम करते. त्यातल्या दोन घरांनी चार दिवसांचा खाडा धरून पैसे कापले. ते मी भरून दिले. पण पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला असं मला वाटत नाही, म्हणून हा लेख.

पाचव्या दिवशी ती आली. मी माफी मागितली. तिनं ती बाजूला सारली आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, ही फरशी तुम्ही पांढरीच का घेतली?"

मी १९८० साली मथुरा खटल्याच्या निदर्शनांत कॉलेजातून सामील झाले. तेव्हापासून बैठका, मोर्चे, शिबिरं, परिपत्रकं यांत आयुष्य गेलं. घरकामाला मोल नाही हे वाक्य मी किती व्यासपीठांवरून म्हटलं असेल त्याला गणती नाही. पण फरशी पांढरी का घेतली, असं मला कुणीही कधी विचारलं नव्हतं. आणि उत्तर द्यायला गेले तेव्हा लाज वाटली. उत्तर असं होतं : "छान दिसते म्हणून."

कुणाला छान दिसते? आणि ती छान दिसावी म्हणून रोज वाकतं कोण? या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आईची जमीन

आमचं गाव बार्शीकडचं. घर माळवदाचं, जमीन मातीची. आई आठवड्याला जमीन सारवायची, शिवाय सणावाराला, पाहुणे येणार असले की, आणि घरात कुणी गेलं-आलं की. शेण गोळा करायचं, पाण्यात कालवायचं, त्यातले काडीकचरे काढायचे, उकिडवं बसून उजव्या हातानं अर्धगोल ओढत मागं मागं सरकायचं. चुलीपुढची जागा तर रोज. भिंतींना पांढरी माती, ओट्याला पोतेरं. आजकाल शहरातल्या लोकांना सारवलेल्या अंगणाचं मोठं कौतुक वाटतं. मातीचा वास, आपली संस्कृती वगैरे. त्यांनी एकदा नऊ महिन्यांच्या पोटानं उकिडवं बसून दोन खण सारवून दाखवावेत. आईला शेवटच्या दहा वर्षांत मांडी घालता येत नव्हती. सारवणाचं कौतुक करणाऱ्यांत मी नाही.

मग शहाबादी आली. वडिलांनी घर बांधताना सोलापूरकडून ट्रकनं फरशी आणली. आईला केवढा आनंद झाला! आता सारवायला नको. पण झालं काय? जी जमीन आठवड्याला सारवली जायची, ती फरशी रोज पुसायची ठरली. शेणाचा हात गेला आणि ओलं फडकं आलं. उकिडवं बसणं तसंच राहिलं. मी लग्न होऊन पुण्यात आले तर घरात मोझाइकच्या लाद्या. त्या दोन वेळा पुसायच्या. आणि आता या काचेसारख्या गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स. त्यांच्यावर केस पडला तरी दिसतो, ओल्या पायाचा ठसा दिसतो, पाण्याचा थेंब वाळला तर त्याचाही डाग दिसतो. दिसलं की पुसायला हवं.

प्रत्येक वेळी आम्हाला सांगितलं गेलं की आता तुमचं काम कमी झालं. प्रत्येक वेळी एक काम गेलं आणि स्वच्छ कशाला म्हणायचं याची रेघ वर सरकली. अमेरिकेत रूथ श्वार्त्झ कोवन नावाच्या इतिहासकार बाईंनी १९८३ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. तिथं यंत्रं आली, नळ आले, गॅस आला, तरी घरातल्या बाईचे तास का कमी झाले नाहीत, हे त्यांनी त्यात दाखवलं. पूर्वी जी कामं पुरुष आणि मुलं करत, ती यंत्रांमुळे सुटली. बाईचं काम मात्र वाढलं, कारण आता सगळं रोज आणि अधिक स्वच्छ हवं होतं. हे वाचताना मला आमची शहाबादी आठवली. लाकडं फोडायला, पाणी ओढायला घरातला पुरुष कधीमधी तरी हात लावायचा. फरशी पुसायला त्यानं कधीच लावला नाही.

घरातली प्रत्येक चकाकी काहीतरी मागते

तिच्या प्रश्नानंतर मी वही घेऊन घरभर हिंडले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. कशाकशावर मुलामा आहे, पॉलिश आहे, रंग आहे, आणि तो टिकवायला काय करावं लागतं, हे लिहून काढलं.

दिवाणखान्यातलं जुनं टेबल लाखेच्या पॉलिशचं. त्यावर गरम कप टेकला की पांढरं वर्तुळ उमटतं. म्हणून चहा आणणाऱ्या बाईनं आधी खाली काहीतरी ठेवायचं आणि कप ठेवणाऱ्या पुरुषानं ते विसरायचं. ओट्याखालच्या कपाटांना सनमायका. तो तारेच्या घासणीनं घासला तर चरे पडतात आणि नाही घासला तर फोडणीचं तेल चिकट होऊन बसतं. म्हणून कोमट साबणपाणी आणि फडकं, तेही रोज. भिंतींना ऑइलपेंट, 'पुसता येतो' म्हणून लावलेला. पुसता येतो, म्हणजे पुसायचा! तवा नॉन-स्टिकचा. त्याला लाकडी उलथनं लागतं, मऊ घासणी लागते, रिकामा तापवून ठेवायचा नाही. स्वयंपाकघराची जमीन शहाबादीच ठेवलेली. ती चुनखडीची असते, त्यामुळे लिंबू सांडलं, चिंचेचं पाणी सांडलं की तिथं ती खरबरीत होते. मोझाइकमध्येही संगमरवराचे तुकडे असतात आणि ते सिमेंटमध्ये बसवलेले असतात. आम्ल टाकलं की दोन्ही झिजतात. म्हणजे फरशी चमकावी म्हणून लोक जे अ‍ॅसिड मारतात, त्यानंच तिची चमक जाते. मग ती अधिक मळ धरते, मग आणखी अ‍ॅसिड. टाइल्सच्या सांध्यांतल्या सिमेंटचंही तेच होतं. माझ्या बाथरूमचे सांधे काळे का पडत होते, याचं उत्तर त्या बाटलीतच होतं.

ही यादी दोन पानं झाली. माझ्या नवऱ्याला मी विचारलं, "यातलं तुला काय काय माहीत होतं?" तो भला माणूस आहे, चळवळीतलाच आहे. तो म्हणाला, "तवा."

आता यादीकडे दुसऱ्या बाजूनं बघा. आई पितळेची भांडी वापरायची. आंबट आमटी कळकू नये म्हणून आतून कल्हई लागायची. वर्ष-सहा महिन्यांनी कल्हईवाला यायचा. भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवून कापसानं पुसायचा. क्षणात भांडं रुप्यासारखं. आम्ही पोरं भोवती गोळा होऊन बघायचो. त्याला पैसे मिळायचे, त्याच्या कामाला नाव होतं, तो कारागीर होता. रंगारी येतो त्यालाही नाव आहे आणि मजुरीही आहे. पॉलिशवाला तसाच, मोझाइकला यंत्र फिरवून घासणाराही तसाच. हे बहुतेक पुरुष. त्यांची मजुरी कमी असेल, त्यांचे हाल वेगळे असतील, पण त्यांच्या कामाला काम म्हणतात.

पण कल्हईवाला एकदा येऊन जायचा. ती कल्हई सहा महिने टिकावी म्हणून रोज भांडं राखेनं बाहेरून आणि हलक्या हातानं आतून घासायची ती आई. तिच्या हाताचं काय नाव? रंगाऱ्यानं पाच वर्षांनी एकदा भिंत रंगवली. ती पाच वर्षं पुसत राहणारीचं काय नाव? वर्षातून एकदा करतो तो कारागीर आणि रोज करते ती 'घरीच असते'. जे काम रोज करावं लागतं ते कामच नाही, असा हा उफराटा न्याय आहे.

एक मिनिट

हे काम मोजा, असं आपण फार वर्षं म्हणत आलो. १९९५ साली बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेच्या जाहीरनाम्यात बिनमोल श्रमांची मोजणी व्हावी ही मागणी आली. आपल्याकडे १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची प्रायोगिक पाहणी झाली. त्यात महाराष्ट्र नव्हता. देशभराची पहिली पाहणी व्हायला २०१९ उजाडलं आणि दुसरी २०२४ मध्ये झाली. म्हणजे बीजिंगनंतर देशाच्या पातळीवर बाईचं घड्याळ बघायला सरकारला जवळजवळ पाव शतक लागलं.

त्या घड्याळात काय दिसलं? २०१९ मध्ये घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. २०२४ मध्ये बाईचा २८९ आणि पुरुषाचा ८८. बाईचे दहा मिनिटं कमी झाले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी वजाबाकी करा. २०१९ मधला फरक २०२ मिनिटं आणि २०२४ मधला २०१. पाच वर्षांत एक मिनिट! या वेगानं बरोबरी यायला हजार वर्षं लागतील.

आणि हे आकडे घरकामाला हात लावणाऱ्यांचेच आहेत. २०१९ मध्ये त्या दिवशी असं काम केलेल्या बाया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. म्हणजे चार पुरुषांतले जवळजवळ तीन या हिशेबात आलेलेच नाहीत.

न्यायालयांनीही हे बोलून दाखवलं आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं अपघातात मेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईच्या खटल्यात जनगणनेवर ताशेरे ओढले. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या ओळीत 'काम न करणारे' म्हणून बसवलं होतं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयानं २०१९ च्या पाहणीचा आधार घेऊन गृहिणीच्या श्रमाचं उत्पन्न धरलंच पाहिजे असं म्हटलं. चांगलं झालं. पण लक्षात घ्या, हे दोन्ही खटले बाई मेल्यानंतरचे आहेत. तिच्या कामाची किंमत ठरली ती विमा कंपनीशी भांडताना. जिवंतपणी फडकं हातात असताना ती किंमत कुणी विचारत नाही.

फडकं खाली सरकतं

आता आपल्यातल्याच अवघड गोष्टीकडे येते. माझ्यासारख्या मध्यमवर्गीय कार्यकर्तीनं आपला गुडघा कसा वाचवला? नवऱ्याला उठवून नाही. दुसऱ्या बाईला खाली बसवून. मी सभेला वेळेवर पोचावं म्हणून माझी फरशी कुणीतरी पुसत होतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा दलित, भटक्या, दुष्काळी भागातून आलेल्या घरातलं असतं. ती मला 'तुम्ही' म्हणते, मी तिला 'तू' म्हणते. हे इतकी वर्षं मला खटकलं नव्हतं.

इंग्रजी वैद्यकात गुडघ्याच्या वाटीवर येणाऱ्या सुजेला 'मोलकरणीचा गुडघा' असं नावच आहे. गुडघे टेकून जमीन घासणाऱ्या बायकांवरून पडलेलं. आजाराला तिचं नाव देण्याइतकं तिचं काम डॉक्टरांना दिसलं, पण तिच्या हातात लांब दांड्याचं पुसणं द्यावं हे घरवाल्यांना सुचत नाही. उलट कितीतरी घरांत सांगतात, "त्या दांडीनं नीट पुसलं जात नाही, हातानंच पूस." मीही म्हटलेलं आहे. तिच्या बोटांच्या बेचक्यांत पावसाळाभर चिखल्या असतात. नखांच्या कडा सोडलेल्या असतात. सोड्याच्या पावडरीनं तळव्याची साल निघते. तिनं मला दाखवलं तेव्हा मला आठवलं की या हातांकडे मी कधी पाहिलंच नव्हतं, भांड्यांकडे मात्र उजेडात धरून बघायचे.

पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. हा आपल्या चळवळीतला अभिमानाचा भाग आहे. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याचा भर नोंदणीवर आणि कल्याणाच्या मदतीवर आहे. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्यात सुरक्षित आणि निरोगी कामाच्या जागेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. कारखान्यात कामगाराच्या अंगावर रसायन उडालं तर निदान कुठं तक्रार करायची ते ठाऊक असतं. माझ्या बाथरूममध्ये ती गुदमरली, तेव्हा तिथं मालकही मी, सुरक्षा अधिकारीही मी आणि गुन्हेगारही मीच.

अ‍ॅसिडचं तर विचारूच नका. बाईच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकणाऱ्यांच्या विरोधात आपण रस्त्यावर उतरलो. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं उघड्या विक्रीला लगाम घातला. ओळखपत्र दाखवल्याशिवाय, कारण लिहून घेतल्याशिवाय विकायचं नाही असं सांगितलं. तरीही फरशी-संडास धुवायचं म्हणून ते मागच्या दारानं घरात येतंच. नव्या इमारतीत राहायला जाण्याआधी टाइल्सवरचे सिमेंटचे डाग काढायला बिगारी बाया हातमोज्यांशिवाय ते फडक्यानं फिरवताना मी पाहिल्या आहेत. घरमालक येतो तेव्हा त्याला चकाकणारी जमीन दिसते. त्या हातांचं काय झालं हे त्याच्यापर्यंत येत नाही.

आक्षेप येतीलच

एक : "म्हणजे घाणीत राहायचं का?" नाही. स्वच्छता वेगळी आणि चकाकी वेगळी. खरकटं, ओल, मळ काढायला साबण, पाणी आणि हवा पुरते. रोगराई त्यानं आटोक्यात राहते. आरशासारखी जमीन ही प्रतिष्ठेची गरज आहे, आरोग्याची नव्हे. मुलगी पाहायला आलेल्यांनी पायाखाली बघितलं की काय, याची ती भीती आहे. ज्या गुळगुळीत फरशीवर ओल्या पायानं सासूबाई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या, ती फरशी आरोग्याची कशी?

दोन : "बायकांनाच आवडतं हो, आम्ही कुठं सांगतो?" खरं आहे. मला आवडत होतं. पण घर अस्वच्छ दिसलं तर नाव कुणाचं निघतं? त्याचं कधी निघालेलं ऐकलंय का? जिच्या नावावर बोट ठेवलं जाणार तिला घासायला आवडू लागतं, यात नवल काय! आवड हीसुद्धा शिकवलेली असते. आपण चौथीतल्या मुलीच्या हातात खेळण्यातली झाडणी देतो, मुलाच्या हातात नाही.

तीन : "आता यंत्रं आहेत." ती आणा. आणि मग घरातल्या पुरुषानं ती चालवावीत, रिकामी करावीत, धुवावीत. धुलाईयंत्र आलं तेव्हा कपडे किती वाढले ते आठवा.

चार : "इतक्या मोठ्या अत्याचारांच्या काळात फरशीवर लेख?" हा आक्षेप माझ्याच मनात सगळ्यात जास्त आला. पण ज्या घरात एक माणूस बसलेला आणि एक बाई त्याच्या पायांभोवतीची जागा पुसत सरकणारी, आणि तो फक्त पाय वर घेतो, त्या घरात कोण कोणाच्या पायाशी आहे हे मुलं रोज बघतात. मोठे अत्याचार आभाळातून पडत नाहीत. त्यांना जमीन लागते, आणि ती अशी रोज तयार होते.

मग करायचं काय?

आमच्या वस्तीतल्या गटाच्या दोन बैठकांत हा विषय मी मांडला. कामाला जाणाऱ्या आणि कामाला ठेवणाऱ्या, दोन्ही बाया समोरासमोर होत्या. पहिली बैठक भांडणात गेली. दुसरीत काही गोष्टी ठरल्या. त्या इथं देते. आपापल्या गटांत बोलून बघा, भर घाला, खोडा.

पहिली गोष्ट, जिला पुसायचं आहे तिनं निवडायचं. घर बांधताना, टाइल्स घेताना, रंग ठरवताना कंत्राटदार आणि घरातले पुरुष बोलतात आणि बाईला फक्त स्वयंपाकघराचा रंग विचारतात. हे चालणार नाही. डाग न दाखवणारा रंग, बाथरूमला खरबरीत न घसरणारी टाइल, कमी सांधे. ही निवड एकदाच करायची असते आणि तीस वर्षं कंबर वाचते.

दुसरी, घरात अ‍ॅसिड नको. सांध्यांना साबण, धुण्याचा सोडा आणि ब्रश पुरे. संडासाचं औषध वापरलंच तर एकटं वापरायचं, ब्लीचिंगबरोबर कधीही नाही. एकानंतर दुसरं टाकायचं असेल तर मध्ये भरपूर पाणी ओतून सगळं वाहवून टाकायचं, आणि खरं तर त्या दिवशी दुसरं टाकायचंच नाही. खिडकी-दार उघडं हवं, हातात रबरी मोजे हवेत. बाटल्यांवरची सूचना मोठ्या मराठी अक्षरांत आणि चित्रात असावी ही मागणी आपण कंपन्यांकडे आणि सरकारकडे केली पाहिजे.

तिसरी, रंगकामाची. घरांच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दशलक्षात ९० भाग ही कायद्याची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीच्या भिंतींचा भरवसा नाही. दिवाळीआधी सुक्या काचकागदानं भिंत घासून धूळ उडवायची आणि ती गरोदर सुनेनं झाडून काढायची, हे बंद. घासायचंच तर पाणी मारून घासायचं, लहान मुलं आणि गरोदर बाया घरात नकोत, धूळ ओल्या फडक्यानं उचलायची.

चौथी, कामाला येणाऱ्या बाईच्या हक्काची. हातमोजे आणि लांब दांड्याचं पुसणं घरवालीनं द्यायचं. दिवाळीची साफसफाई, जाळ्या, पंखे, बाथरूम घासणं हे रोजच्या पगारात धरायचं नाही. त्याचे वेगळे पैसे आधी ठरवायचे. कामामुळे इजा झाली तर औषध घरवालीकडे आणि खाडा नाही. आणि 'हे मी वापरणार नाही' असं म्हणायचा तिला हक्क आहे. तो तिनं वापरला म्हणून काम सुटता कामा नये. हे पाळायचं तर घरवाल्यांच्या चांगुलपणावर भागणार नाही. वस्तीतल्या सगळ्या कामवाल्यांनी मिळून एकच दर आणि एकच अट सांगितली पाहिजे.

पाचवी, हिशेबाची. पंधरा दिवस घरातल्या प्रत्येकानं, मुलांनीसुद्धा, आपण कशावर फडकं फिरवलं आणि किती मिनिटं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. भाषणानं जे होत नाही ते कॅलेंडरवरच्या रिकाम्या रकान्यानं होतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात माझ्या नवऱ्याचा रकाना पूर्ण रिकामा होता. तोही वाचायला चष्मा लागला नाही.

माझ्या घरात काय बदललं तेही सांगते, नाहीतर हे सगळं भाषणच राहील. पांढऱ्या टाइल्स अजून तशाच आहेत, त्या उखडायला पैसे नाहीत. बाथरूम रविवारी नवरा धुतो. पहिल्या महिन्यात त्यानं तीन मित्रांना फोनवर ते सांगितलं आणि तिघांनीही त्याचं कौतुक केलं. मला चाळीस वर्षांत एकही फोन आलेला नाही. कडा अजून काळ्याच आहेत आणि आता पाहुणे आले तर मी त्या झाकायला धावत नाही. धावावंसं वाटतं, पण धावत नाही.

तिचा पगार वाढला, काम कमी झालं. तिनं बाकीच्या तीन घरीही मोजे आणि दांडी मागितली. दोन घरांनी दिली. तिसऱ्या घरच्या बाईंनी सांगितलं, "आमच्याकडे हातानंच पुसायची पद्धत आहे." ते घर तिनं सोडलं. महिन्याचे तेवढे पैसे गेले आणि त्या जागी दुसरं घर मिळायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत तिनं उसने पैसे घेऊन मुलीची फी भरली. हेही लिहिते, कारण आपल्या लेखांत लढणारी बाई नेहमी जिंकते आणि तिची उधारी कुणी छापत नाही. तिच्या जागी त्या घरी दुसरी बाई लागली आहे, ती हातानंच पुसते. तिला आमच्या पुढच्या बैठकीला आणायचं काम हिनं स्वतःकडे घेतलं आहे.

मैत्रिणींनो, येत्या ८ मार्चला आपण पुन्हा सभागृह घेऊ, फुलं आणू, गाणी म्हणू. कार्यक्रम संपल्यावर त्या सभागृहाची फरशी कोण पुसतं, ते थांबून बघा. ती बाई असेल तर तिला आधी व्यासपीठावर बोलवा, मग पुढच्या खेपेचा कार्यक्रम ठरवा. आणि तुमच्या गटात या विषयावर जे बोलणं होईल, भांडण होईल, ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात आपण ते छापू, जमलं नाही तेसुद्धा.